पहिली सुई बाहुलीला

(अणदूर येथील स्मृती-व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



प्रशिक्षण या विषयावर अणदूरमध्ये बोलायचं, तर आधी या गावाचं ऋण मान्य करायला हवं. डॉ. शशिकांत आणि डॉ. शुभांगी अहंकारी यांनी हॅलो मेडिकल फाउंडेशनच्या माध्यमातून इथं एक गोष्ट करून दाखवली. चार इयत्ता शिकलेली, कधी तेवढीही न शिकलेली बाई गावाच्या आरोग्याची जबाबदारी घेऊ शकते, फक्त तिला नीट शिकवलं पाहिजे. त्या बायकांना त्यांनी ‘भारतवैद्य’ म्हटलं आणि आसपासच्या गावांनी ते नाव मान्य केलं. तेव्हा शिकवण्याच्या पद्धतीचा प्रश्न इथल्या लोकांना नवा नाही. मी आज त्याचाच एक भाग घेऊन आले आहे. नर्सिंगची विद्यार्थिनी आजारी लेकराला पहिल्यांदा हात लावते, त्याआधी तिच्या हाताला काय काय येत असलं पाहिजे, आणि ते तिनं कुठं शिकायचं?

मी बालरोग नर्सिंग शिकवते. आमच्याकडची जुनी पद्धत सगळ्यांना माहीत आहे: सिनिअर सिस्टर करतात ते बघायचं, दुसऱ्या दिवशी आपण करायचं. मोठ्या माणसाच्या वॉर्डात हे कसंबसं निभावतं. मोठा माणूस ‘दुखतंय’ म्हणतो, हात मागे घेतो, ‘तुम्ही नको, मोठ्या सिस्टरना बोलवा’ असं स्पष्ट सांगतो. सहा महिन्यांचं बाळ यातलं काहीच सांगू शकत नाही. त्याच्या मनगटावरची शीर दोऱ्याएवढी. ती पहिल्या टोचण्यात सापडली नाही, तर दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा टोचावं लागतं. आई पदर तोंडाला लावून भिंतीकडे तोंड करते. आणि ज्या मुलीच्या हातात ती सुई असते, तिचीही त्या दिवशी हिंमत खचते. मी अशा मुली पाहिल्या आहेत, ज्यांनी त्यानंतर बालरोग विभागात नोकरी घेतलीच नाही.

शिवाय वॉर्डात काय शिकायला मिळेल, हे नशिबावर असतं. बालरोगाचं पोस्टिंग काही आठवड्यांचं. ते पावसाळ्यात आलं तर जुलाबाची मुलं दिसतात, थंडीत आलं तर न्यूमोनियाची. जन्मल्यावर श्वास न घेणारं बाळ ज्या रात्री येतं त्या रात्री विद्यार्थिनी ड्युटीवर असेलच असं नाही. असली तरी त्या क्षणी तिला बाजूला सारलं जातं, आणि ते योग्यच आहे. परिणाम असा की मुलगी परीक्षा पास होते, नोंदणी होते, आणि तिनं श्वास देण्याची अंबू बॅग एकदाही गरजेच्या वेळी हातात धरलेली नसते. मग तिची नेमणूक प्राथमिक आरोग्य केंद्रावर होते. रात्री दोनला बाळंतपण होतं, बाळ निळं पडलेलं असतं. तिथं बाजूला सारायला कोणी नसतं. सोलापूरचं सिव्हिल तासाभरावर, धाराशिवला जायचं तरी गाडी हवी. बाळाकडे असतं एक मिनिट.

त्या एका मिनिटात काय करायचं असतं ते सांगते, म्हणजे माझा मुद्दा पोचेल. बाळाला कोरडं करायचं, ओलं कापड काढून टाकायचं, पाठीवरून चोळून चेतवायचं, मान सरळ ठेवायची. तोंडात घाण अडकली असेल तर आधी तोंड आणि मग नाक साफ करायचं. तरीही श्वास नसेल, तर मास्क लावून बॅग दाबायला सुरुवात करायची, मिनिटाला चाळीस ते साठ वेळा. कागदावर हे पाच ओळींचं काम आहे. पण मास्क हनुवटीपासून नाकापर्यंत बसला पाहिजे, डोळ्यांवर चढता कामा नये. कडेनं हवा निसटली तर छाती हलत नाही. मान फार मागे नेली तरी वाट बंद, पुढे झुकली तरी बंद. बॅग जोरात दाबली तर कोवळ्या फुप्फुसाला इजा. ही सगळी हाताची विद्या आहे, आणि हाताची विद्या वाचून येत नाही. चांगल्या बाहुलीवर मास्क नीट बसला तरच छाती वर येते, नाही तर येत नाही. बाहुली मुलीची समजूत काढत नाही. मुलगी दहादा चुकते, अकराव्यांदा छाती उठते, आणि तिच्या चेहऱ्यावर जे दिसतं ते मला कुठल्याही निकालपत्रापेक्षा मोलाचं वाटतं.

२०२० च्या नमुना नोंदणी पाहणीनुसार महाराष्ट्रात हजार जिवंत जन्मांमागे ११ बाळं पहिल्या अठ्ठावीस दिवसांत दगावली. देशाचा आकडा २० होता. आपण देशाच्या पुढे आहोत, आणि ते आशा ताईंच्या, एएनएम सिस्टरांच्या कष्टांमुळे आहे. पण उरलेल्या अकरांतल्या कितीतरी बाळांचा प्रश्न औषधाचा नसून वेळेवर चाललेल्या हाताचा आहे, असं माझं ठाम मत आहे.

बाहुलीवर शिकवणं हे परदेशातून आलेलं यंत्रांचं खूळ आहे, असं मला पुष्कळदा ऐकवलं जातं. इतिहास वेगळा आहे. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये अँजेलिक द्यू कुद्रे नावाची सुईण होती. १७५९ साली राजानं तिला खेड्यापाड्यांत फिरून सुइणी शिकवण्याची आज्ञा दिली. तिनं कापड, चामडं आणि कापूस वापरून बाळंतिणीचं धड आणि बाळ शिवलं, आणि ते घेऊन ती वर्षानुवर्षं गावोगाव हिंडली. वाचता न येणाऱ्या हजारो बायका तिच्याकडे त्या कापडी बाळावर शिकल्या. पुढे १९११ मध्ये अमेरिकेतल्या हार्टफर्डच्या नर्सिंग शाळेनं बाहुल्या बनवणाऱ्या मार्था चेस यांच्याकडून माणसाएवढी बाहुली करून घेतली. ‘मिसेस चेस’ म्हणून ती ओळखली जाऊ लागली, आणि थोड्याच काळात तिच्यासोबत बाळाची बाहुलीही आली. १९६० मध्ये नॉर्वेच्या आस्मुंड लेर्दाल या खेळणी बनवणाऱ्या माणसानं श्वास देण्याच्या सरावासाठी बाहुली केली. त्याच घराण्याच्या कंपनीनं २०१० च्या सुमारास गरीब देशांसाठी नवजात बाळाची एक साधी बाहुली काढली. आत कोमट पाणी भरलं की ती बाळाइतकी जड आणि उबदार लागते. एक फुगा दाबला की नाळेचे ठोके लागतात, दुसरा दाबला की श्वास, तिसरा दाबला की रडू. वीज लागत नाही, संगणक लागत नाही. म्हणजे ही विद्या फार पूर्वीच खेड्यांत, सुइणींच्या हाती, शिवणकामातून रुजली आहे.

आपल्याच राज्यातलं उदाहरण गडचिरोलीचं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं ३९ गावांत आरोग्यदूत बायकांना घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. श्वास न घेणाऱ्या बाळाला श्वास देणंही त्यात आलं. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्या गावांतला नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून तिसऱ्या वर्षी २५.५ वर आला होता. या बायकांनी वैद्यकीय महाविद्यालयाचं दारही पाहिलं नव्हतं. त्यांना नेमकी कामं नेमून दिली गेली, ती पुन्हा पुन्हा करून घेतली गेली, तपासली गेली. सगळं यश प्रशिक्षणाचं होतं असं मी म्हणत नाही. पण सराव आणि तपासणी यांच्याशिवाय ते झालं नसतं.

आता टांझानियातल्या हायडोम गावाकडे या. तेही आडवळणाचं गाव, तिथं एक मिशन रुग्णालय. तिथल्या दायांना आणि सिस्टरांना याच पाण्याच्या बाहुलीवर एक दिवसाचं प्रशिक्षण दिलं. बाहुलीवरच्या परीक्षेत त्या पुष्कळ सुधारल्या. सात महिन्यांनी पाहिलं तर प्रसूतिगृहात काहीच सुधारलेलं नव्हतं. बाहुलीवर येत होतं, बाळावर होत नव्हतं. मग त्यांनी एक साधी गोष्ट केली. बाहुली वर्गातून उचलून प्रसूतिगृहातच आणली, आणि दर आठवड्याला काही मिनिटं ड्युटीच्या मध्येच सराव सुरू केला. त्यानंतर पहिल्या चोवीस तासांतले मृत्यू घटले. मला हा अभ्यास फार महत्त्वाचा वाटतो, कारण आपल्याकडे प्रशिक्षण म्हणजे चहा, बॅनर, प्रमाणपत्र आणि सामूहिक फोटो असा एक दिवस असतो. हाताला आलेलं न वापरता राहिलं की जातं. बॅग-मास्क ज्या मुलीनं सहा महिने धरला नाही, तिला तो येतो असं समजू नका.

श्वास देणं हा एक भाग झाला. बालरोग नर्सिंगमधला तितकाच धोकादायक भाग बोटांत नसून हिशेबात आहे. लहान मूल म्हणजे छोटा मोठा माणूस नव्हे. अमिकासिनचं उदाहरण घ्या. बाळ २.४ किलोचं, मात्रा किलोमागे १५ मिलिग्रॅम, म्हणजे ३६ मिलिग्रॅम. कुपी १०० मिलिग्रॅमची, दोन मिलिलिटरमध्ये. म्हणजे ०.७२ मिलिलिटर भरायचं. आता ट्रेमध्ये ५०० ची कुपीही असते, तीही दोन मिलिलिटरचीच, दिसायला सख्खी बहीण. रात्रीच्या घाईत तीच हातात आली आणि तेवढंच ०.७२ भरलं, तर बाळाच्या अंगात १८० मिलिग्रॅम जातं. पाचपट. त्याची किंमत बाळाचे कान आणि मूत्रपिंडं मोजतात. सलाईनचंही तसंच. लहान मुलांच्या मायक्रोड्रिप सेटमध्ये साठ थेंबांचा एक मिलिलिटर होतो. सेट संपला म्हणून मोठ्यांचा वीस थेंबांचा सेट लावला आणि थेंब तेवढेच ठेवले, तर तिप्पट पाणी जातं. हे मी फळ्यावर शिकवते तेव्हा सगळ्यांना येतं. पण सराव-खोलीत मी मुद्दाम दोन्ही कुप्या एकाच ट्रेमध्ये ठेवते, एका मुलीला रडणाऱ्या आईची भूमिका देते, दुसरी सतत फोनवर बोलावते. मग बघा, कुपीवरचं लेबल किती जणी वाचतात. तिथं चूक झाली तर बाहुलीचं काही बिघडत नाही, आणि ती मुलगी आयुष्यभर लेबल वाचते.

वजनावरच्या हिशेबाच्या उलट गोष्टही शिकवावी लागते. विंचू आणि साप आपल्या शिवारात नेहमीचे. सर्पदंशात लेकराला प्रतिविषाची मात्रा मोठ्या माणसाइतकीच द्यायची असते, कारण सापानं विष मोजून कमी सोडलेलं नसतं. वजनावर हिशेब करायची सवय लागलेली मुलगी इथं हमखास अडते आणि मात्रा कमी करायला निघते. जिनं हे एकदा सरावात अनुभवलं, तिला पुन्हा सांगावं लागत नाही. तसंच घशात अडकण्याचं. खंडोबाच्या यात्रेत लहान लेकरांच्या हातात शेंगदाणे-फुटाणे असतातच. वर्षाच्या आतलं बाळ गुदमरलं तर डोकं खाली करून पाठीवर पाच थपके, मग उताणं करून छातीवर पाच दाब. घशात आंधळेपणानं बोट घालायचं नाही. हे तर नर्सिंगच्या मुलींनीच कशाला, अंगणवाडी ताईंनी आणि आयांनीही बाहुलीवर करून पाहावं.

आता एक पूर्ण प्रसंग सांगते, कारण या सरावाला आम्ही सिम्युलेशन म्हणतो, आणि सिम्युलेशन म्हणजे नुसती बाहुली नव्हे, तो उभा केलेला प्रसंग असतो. दहा महिन्यांचं बाळ, सात किलोचं. दोन दिवस जुलाब. बाहुली आजीच्या मांडीवर. आजी म्हणजे खरोखरची वयस्क बाई असावी. माझ्या मनात इथल्या भारतवैद्य ताईच आहेत, कारण आजी कशी बोलते ते त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक? आजी म्हणते, ‘दात यायलेत सिस्टर, म्हणून पातळ होतंय. पाणी बंद केलंय बघा, पाण्यानं वाढतंय.’ मुलीनं काय करायचं? आजीला झिडकारलं तर पुढची माहिती मिळणार नाही. मान डोलावली तर बाळ जाईल. ‘आजी, तुम्ही लेकराला वेळेत आणलंत, आता मला सांगा, लघवी कधी केली होती त्यानं?’ असं विचारता आलं पाहिजे. दुसरीकडे डोळे बघायचे, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडायची, ती किती सावकाश जागेवर जाते ते बघायचं, बाळ पाणी पितंय की पिऊ शकत नाही ते बघायचं. निर्जलीकरण तीव्र असेल तर रिंगर लॅक्टेट, किलोमागे शंभर मिलिलिटर. वर्षाच्या आतलं बाळ म्हणून त्यातलं तीस पहिल्या तासात, म्हणजे २१० मिलिलिटर, आणि उरलेलं ४९० पुढच्या पाच तासांत. इथवर पुष्कळ मुली येतात. मग मी प्रसंगात एक बदल करते. आजी बाळाचा हात पुढे करते आणि दंडाचा घेर मोजपट्टीवर ११.५ सेंटिमीटरच्या खाली भरतो. तीव्र कुपोषण. आता कातडीची चिमूट फसवते, कारण कातडीखाली चरबीच नाही. आणि त्याच वेगानं सलाईन सोडलं तर त्या अशक्त हृदयावर पाण्याचा भार येतो. इथं मुलीनं थांबायला हवं, डॉक्टरांना कळवायला हवं, दर काही मिनिटांनी नाडी आणि श्वास मोजायला हवा. उसाच्या फडावरून परतलेल्या कुटुंबांची लेकरं जिथं दवाखान्यात येतात, तिथं हा बदललेला प्रसंगच खरा प्रसंग आहे. बाहेरून विकत आणलेल्या प्रसंगांच्या पुस्तकात तो मिळत नाही. तो इथंच लिहावा लागेल.

बाहुलीवर सगळं येत नाही, हेही सांगते. छाती आत ओढली जाणं, नाकपुड्या फुलणं, कण्हणं हे साधी बाहुली नीट दाखवत नाही. त्यासाठी आईबापांची परवानगी घेऊन केलेलं चित्रण लागतं, आणि घड्याळ लागतं. दोन महिन्यांच्या आत मिनिटाला ६०, वर्षाच्या आत ५०, पाच वर्षांच्या आत ४० श्वास किंवा त्याहून जास्त म्हणजे जलद श्वास. मोजायचं पूर्ण मिनिट, अंदाज नाही. आणि हिसके मारणाऱ्या दोन वर्षांच्या पोराला धरण्याचा अनुभव तर वॉर्डाशिवाय कुठंच नाही.

पण ज्याच्याशिवाय हे सगळं वाया जातं, ती गोष्ट प्रसंग संपल्यानंतरची आहे. सगळ्यांनी गोल बसायचं आणि बोलायचं. तुला काय दिसलं? तेव्हा तुझ्या मनात काय होतं? तू असं का केलंस? पुढच्या वेळी काय करशील? प्रसंगाला दहा मिनिटं लागली, तर या बोलण्याला वीस मिनिटं द्यावीत. आणि इथंच आपण कमी पडतो, हे शिक्षिका म्हणून मला बोललंच पाहिजे. आपल्या नर्सिंग शाळांत चूक म्हणजे ओरडा, मेमो, होस्टेलवर चर्चा. मुली चूक लपवायला शिकतात. आणि लपवलेली चूक वॉर्डात बाळाच्या अंगावर निघते. सराव-खोलीत ज्या शिक्षिकेनं एकदा ‘एवढंही येत नाही?’ म्हटलं, तिची ती खोली त्या दिवशी बंद पडली असं समजा. महागडी बाहुली असली तरी बंद.

अशा प्रसंगांतूनच आणखी एक गोष्ट शिकवता येते, जी कुठल्याच पुस्तकात नसते: वरच्याला थांबवणं. मी एकाला डॉक्टर करते आणि त्याला मात्रा चुकीची सांगायला लावते. बहुतेक मुलींना चूक कळते. पण बोलतात किती? ‘सर, बाळ २.४ किलोचं आहे, मात्रा एकदा पुन्हा बघता का?’ एवढं वाक्य तोंडातून निघायला काहींना चार प्रसंग लागतात. हे वाक्य येणं मला शीर सापडण्याइतकंच महत्त्वाचं वाटतं. आणि ते ऐकून घेणं डॉक्टरांनीही शिकावं. त्यांना या खोलीत मुलींबरोबर बसवा.

भारतीय परिचर्या परिषदेच्या बीएस्सी नर्सिंगच्या २०२१ च्या नव्या अभ्यासक्रमानं स्किल लॅब आणि सिम्युलेशनला अधिकृत जागा दिली आहे. त्याचं मी स्वागत करते. पण काळजीही वाटते. अनेक ठिकाणी बाहुल्या कपाटात कुलूपबंद असतात, प्लास्टिकचं आवरणही निघालेलं नसतं, तपासणीच्या दिवशी टेबलावर येतात. कारण विचारलं तर ‘मुली बिघडवतील’. दुसरी भीती अशी की पुरेसे रुग्ण नसलेल्या संस्था लॅब दाखवून वेळ मारून नेतील. अमेरिकेतल्या दहा नर्सिंग शिक्षणसंस्थांत झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात असं दिसलं की वॉर्डातले निम्म्यापर्यंत तास सिम्युलेशनला दिले तरी विद्यार्थी मागे पडले नाहीत. त्याचा दाखला कोणी देईल. पण तिथं प्रशिक्षित शिक्षक होते, प्रसंगानंतरच्या बोलण्याची शिस्त होती. आपण ते नसताना फक्त तासांची वजाबाकी उचलली, तर लेकरांचं नुकसान होईल. माझं म्हणणं साधं आहे: सराव-खोली वॉर्डाच्या आधी, वॉर्डाच्या बदली नाही.

अणदूरला हे शक्य आहे का? मला वाटतं, अनेक शहरांपेक्षा जास्त शक्य आहे. श्वास देण्याच्या सरावासाठी छाती उठणारी बाहुली विकतच घ्यावी लागेल, तिथं काटकसर करू नका, निदान दोन घ्या. बाकी पुष्कळ काही इथं शिवता येतं. गोधडी शिवणाऱ्या बायकांना दीड, अडीच आणि साडेतीन किलोची तीन बाळं शिवायला सांगा, आत ज्वारी भरा, तराजूवर वजन करा. कमी वजनाचं बाळ आईच्या छातीशी बांधायला, स्तनपानाला धरायला, अंगावरून पुसायला त्या बाहुल्या पुरतात. हातात दीड किलो आणि साडेतीन किलो यांतला फरक कळणं हीच मोठी शिकवण आहे. आजी, आई, चुलता यांच्या भूमिकांसाठी भारतवैद्य आणि आशा ताईंना मानधन देऊन बोलवा. फुकट नको, त्या इथं शिक्षिका आहेत.

संस्थाचालकांना माझी विनंती आहे: एक खोली द्या, तिची किल्ली विद्यार्थिनींकडे ठेवा, आणि दोन शिक्षकांना प्रसंगानंतरचं बोलणं चालवण्याचं प्रशिक्षण द्या. आरोग्य केंद्रांच्या डॉक्टरांना विनंती आहे: प्रसूतिगृहाच्या कोपऱ्यात एक बाहुली ठेवा आणि आठवड्यातून एकदा ड्युटीवरच्या सिस्टरांबरोबर पाच मिनिटं बॅग-मास्क करा, स्वतःही करा. आणि नर्सिंगच्या मुला-मुलींनो, तुम्हाला पहिल्यांदा बाळाजवळ उभं केलं जाईल तेव्हा विचारा, ‘आम्ही हे बाहुलीवर केलेलं नाही, आधी करू का?’ हे विचारण्याचा हक्क तुमचा आहे, आणि त्या बाळाचाही.